वांगं जालन्याचं, अनुभव गाझीपूरचा : जीईएसीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती (जीईएसी),
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, नवी दिल्ली

प्रत : सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

बीटी वांग्याला, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेल्या वांग्याला, परवानगी द्या, हे सांगायला मी लिहीत नाही. देऊ नका, हे सांगायलाही नाही. माझी मागणी त्याच्या आधीची आहे. जे वांगं आपल्या सरकारने २०१० साली थांबवलं, ते शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून शेतकऱ्यांच्या रानात उभं आहे. एवढ्या वर्षांत तिथे अळी किती मेली, किती सरावली, फवारण्या खरोखर किती घटल्या, कोणाचं साधलं आणि कोणाचं पीक बसलं, याच्या मूळ नोंदी आपण मागवाव्यात, तपासाव्यात आणि लोकांपुढे ठेवाव्यात. बदल्यात आपल्या बीटी कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची सगळी हकिगत, काही न झाकता, त्यांना द्यावी. मागणी इतकीच आहे. पण ती इतकी वर्षं का रखडली आणि आता का रखडू नये, ते जरा सविस्तर सांगतो.

मी जालना जिल्ह्यातला कृषी पदवीधर, घरची शेती करणारा. कापूस सगळ्यांसारखा, आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा भाजीपाला. त्यात वांगं कायम.

वांग्याच्या प्लॉटमध्ये सकाळी शिरलं की नजर आधी शेंड्यांवर जाते. एखादा शेंडा मान टाकून लोंबत असला की समजायचं, आत अळी आहे. तो मोडून नखाने उभा चिरला की गुलाबीसर अळी आणि तिने केलेला भुसा दिसतो. फळं लागली की हीच अळी फळात उतरते. वांगं वरून चकचकीत दिसतं. आत शिरल्याचं भोक विष्ठेनं बुजलेलं असतं, बाहेर पडल्याचं तेवढं ठळक दिसतं, आणि ते दिसेपर्यंत आतला गर गेलेला असतो. पतंग पानामागे अंडी घालतो, अळी अंड्यातून निघाली की काही तासांतच शेंड्यात नाहीतर फळात घुसते. औषध तिच्या अंगाला लागायचं तर त्या काही तासांत लागेल. एकदा आत गेली की वरून पंप रिकामा केला तरी तिचं काही वाकडं होत नाही. म्हणून शेतकरी अंदाजाने फवारत राहतो, ऐन हंगामात दिवसाआडसुद्धा. कृषी सेवा केंद्रवाला जे मिश्रण देईल ते. फवारणी आणि तोडणी यांच्यात जे दिवस सोडायचे असतात ते बाटलीवर छापलेले असतात, पण माल दर दोन-तीन दिवसांनी काढावाच लागतो. आपल्या सगळ्यांच्या घरात भरलं वांगं शिजतं, ते असं येतं. बीटी वांग्यावरची चर्चा याला वगळून होते तेव्हा मला राग येतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

आता बियाण्याची गोष्ट. ती आमच्याच जिल्ह्यात सुरू झाली. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात सुरू केलेल्या महिको कंपनीने वांग्यात क्राय१एसी हे जनुक घातलं. मातीतल्या जिवाणूकडून घेतलेलं हे जनुक कापसातून आपल्या ओळखीचं झालेलं आहे. वांग्याच्या त्या रूपाला ईई-१ असं नाव पडलं. पुढे अमेरिकेच्या मदत संस्थेच्या, म्हणजे यूएसएडच्या पैशातून आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या पुढाकाराने एक प्रकल्प उभा राहिला. त्यात ठरलं असं की कंपनी स्वतःचे संकरित वाण विकेल, पण सार्वजनिक संस्थांना हे जनुक फुकट देईल. त्या संस्था आपापल्या भागातल्या सरळ वाणांत ते उतरवतील आणि शेतकऱ्याला घरचं बी धरता येईल. आपल्याकडे कोइम्बतूरचं तमिळनाडू कृषी विद्यापीठ आणि धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ त्यात होतं. बांगलादेशातून गाझीपूरची कृषी संशोधन संस्था, म्हणजे बारी, आणि फिलिपिन्समधून लॉस बानोसचं विद्यापीठ. विकसनशील देशांनी आपसात जैवतंत्रज्ञान वाटून घ्यावं असं परिषदांमधून नेहमी बोललं जातं. इथे ते झालं होतं, आणि पुरवठा करणारं टोक मराठवाड्यात होतं.

त्यानंतर तीन देशांच्या तीन वाटा झाल्या.

आपल्या समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती जाहीर केली : स्वतंत्र अभ्यासातून सुरक्षितता सिद्ध होईपर्यंत थांबायचं. त्याच वर्षी आपल्या समितीच्या नावातला ‘मान्यता’ हा शब्द जाऊन ‘मूल्यमापन’ आला. फिलिपिन्समध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये चाचण्या थांबवल्या, जुलै २०१६ मध्ये स्वतःचाच निकाल फिरवला, २०२२ साली लागवडीला परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने पुन्हा लगाम ओढला. बांगलादेशाने ३० ऑक्टोबर २०१३ ला परवानगी दिली आणि २२ जानेवारी २०१४ ला गाझीपूर, जमालपूर, पाबना आणि रंगपूर या भागांतल्या वीस शेतकऱ्यांच्या हातात रोपं ठेवली.

चार वाण होते : उत्तरा, काजला, नयनतारा आणि आयएसडी-००६. पहिला हंगाम धड गेला नाही. रोपं उशिरा पोचली आणि काही ठिकाणी मर रोगाने झाडं बसली. बीटी जनुक मर रोगाला काय करणार, त्याचं काम एका अळीपुरतं. पण शेतकऱ्याला ते कोणी नीट सांगितलं नसेल तर त्याच्या लेखी ‘बीटी वांगं’ मेलं. ढाक्याच्या उबिनीग या संस्थेने तेव्हापासून सातत्याने टीका केली आहे, आणि त्या टीकेतलं बरंचसं शेतात जाऊन केलेलं आहे. दुसऱ्या बाजूला बारीच्या शास्त्रज्ञांनी दोन हंगामांचे आकडे छापले. बीटी वाणांमध्ये अळीने पोखरलेली फळं सव्वादोन टक्क्यांच्या फारशी वर गेली नाहीत, शेजारच्या साध्या वाणांत ती ३६ ते ४५ टक्क्यांच्या घरात होती. २०१८ पर्यंत २७ हजारांवर शेतकऱ्यांपर्यंत बी पोचलं. आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेने सुमारे बाराशे शेतकऱ्यांमध्ये चिठ्ठ्या टाकून गावं निवडावीत तशा पद्धतीने एक अभ्यास केला. त्यात विक्रीयोग्य उत्पादन सुमारे ५१ टक्क्यांनी वाढलेलं आणि कीटकनाशकांचा खर्च एक-तृतीयांशाहून जास्त घटलेला निघाला.

हे आकडे चांगले आहेत. पण ते कोणी काढले तेही पाहायला हवं. एक अभ्यास वाण तयार करणाऱ्या संस्थेचा स्वतःचा. दुसऱ्यालाही पैसा अमेरिकी मदतीचा. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. उलट चिठ्ठी टाकून केलेला अभ्यास मला बराच विश्वासाचा वाटतो. पण २०१० ची अट ‘स्वतंत्र अभ्यास’ अशी होती ना? मग शेजाऱ्याच्या शेतात एवढा मोठा प्रयोग चालू असताना आपण तिथे आपले कीटकशास्त्रज्ञ, आपले अन्नतज्ज्ञ, आणि हो, आपले टीकाकारसुद्धा पाठवायला काय हरकत होती? स्थगितीचा अर्थ ‘अभ्यास होईपर्यंत थांबा’ असा होता. आपण त्याचा अर्थ ‘थांबा’ एवढाच घेतला. कागदावर स्थगिती, व्यवहारात विस्मरण.

परिणाम असा की आमच्याकडे या विषयावर दोनच प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, बांगलादेशात वांग्याने क्रांती झाली आणि आपण मागे राहिलो. दुसरा म्हणतो, बांगलादेशात वांगं साफ फसलं आणि सरकार लपवतंय. दोघांच्या मोबाइलमध्ये पुरावे तयार असतात. दोघांनाही काजला कुठे चाललं आणि कुठे नाही, हे माहीत नसतं. आणि बांगलादेशातला निकाल मराठवाड्याला जसाच्या तसा लागू होईल असंही नाही. आमच्याकडे हिरवं काटेरी चालतं, खानदेशात भरताचं मोठं हिरवं, पुण्याकडे मांजरी गोटा. हवा वेगळी, पाणी वेगळं, ग्राहकाची जीभ वेगळी. वांग्याच्या वैविध्याचं माहेरघर आपण आहोत आणि रानवांग्यांशी परागीकरण होऊन जनुक पसरेल ही भीती २०१० मध्ये मांडली गेली होती. बांगलादेशातही वांग्याचे रानटी भाऊबंद आहेत. दहा वर्षांत तिथे कोणी त्याच्याकडे पाहिलं का? पाहिलं असेल तर काय सापडलं? हा प्रश्न विचारायला जीईएसीला कुठल्याही कायद्याने मनाई केलेली नाही.

आपल्याला वाटत असेल, भारताने परवानगीच दिलेली नाही, तर बांगलादेशातल्या अळीशी आपला संबंध काय? संबंध आहे. देशात सगळ्यात जास्त वांगी पिकवणारं राज्य पश्चिम बंगाल आहे, आणि ते त्या सीमेला खेटून आहे. पतंग स्वतः फार लांब उडत नसेल, पण पोखरलेल्या फळातली अळी ट्रकने जाते, टोपलीने जाते. तिथल्या वाणांत एकच जनुक आहे. उद्या तिकडची अळी क्राय१एसीला सरावली, तर ती सरावलेली अळी आपल्या शेतात येण्यासाठी आपल्या स्थगितीची वाट बघणार नाही. म्हणजे आपण ‘नाही’ म्हटलं तरी नुकसान पोचणार, आणि उद्या ‘हो’ म्हणायचं ठरवलं तर हातात बोथट झालेलं हत्यार येणार. आपल्या समितीने २०२० मध्ये जनक आणि बीएसएस-७९३ या दोन वाणांच्या आठ राज्यांतल्या शेतचाचण्यांना मान्यता दिली. त्यातलं जनुक क्राय१एफए१, म्हणजे नात्यातलंच. अळी मरते ती या जनुकांमुळे झाडात बनणाऱ्या प्रथिनाने, आणि अशा एका प्रथिनाला सरावलेली अळी दुसऱ्यालाही दाद देत नाही असं काही किडींमध्ये आढळलेलं आहे. वांग्याच्या अळीत तसं होतं का, हे ठरवायला बांगलादेशातल्या अळ्यांहून योग्य नमुना कुठे मिळणार?

शिवाय वांगं देशात आलेलं नाही, हेही आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. २०१९ साली हरियाणातल्या फतेहाबादमध्ये बेकायदा बीटी वांगी सापडली. त्याच वर्षी जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेला तणनाशकसहनशील कापूस जाहीरपणे पेरला, बीटी वांगीही लावली. कायदेभंग बरोबर की चूक यावर माझं मत आहे, ते इथे नको. पण माहिती अधिकृत दाराने आली नाही की बियाणं मागच्या दाराने येतं, आणि त्याच्याबरोबर ना वाणाचं नाव येतं, ना साध्या झाडांची ओळ कुठे लावायची ते सांगणारा कोणी.

या साध्या झाडांच्या ओळीवरून आपल्या कापसाकडे येतो, कारण इथे देण्यासारखं आपल्याकडे भरपूर आहे.

२६ मार्च २००२ ला बीटी कापसाला मान्यता मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचा बोलगार्ड-२ आला. २०१० साली गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला सरावल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. काही वर्षांत दोन जनुकांनाही ती पुरून उरली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूस पट्ट्यात तिने जे केलं ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. बोंड बाहेरून शाबूत, फोडलं की आत कवडी. बियाण्याच्या पिशवीत बिगर-बीटी बियांचं १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे न सरावलेले पतंग जगतात आणि सरावलेल्यांशी त्यांचं मीलन होऊन सरावण्याचा वेग मंदावतो. हे कारण आमच्या किती शेतकऱ्यांना सांगितलं गेलं? बहुतेकांनी ते पाकीट बांधावर फेकलं, किंवा तुटाळ्या भरायला वापरलं. तोट्याच्या पिकासाठी जागा कोण सोडणार? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ धोका सांगत होते. गुजरातेत तो दिसत होता. तरी एका राज्याचा अनुभव शेजारच्या राज्यातल्या बांधापर्यंत वेळेत आला नाही. देशाच्या आत ही गत, मग देशाबाहेरची काय सांगावी.

आणि तरीही बाहेर शिकण्यासारखं होतं. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यातल्या सहा प्रांतांत तिथल्या शास्त्रज्ञांनी अकरा वर्षं गुलाबी बोंडअळी मोजली. तिथले शेतकरी बीटी आणि साध्या कापसाच्या संकराचं दुसऱ्या पिढीचं बी वापरू लागले होते. त्यामुळे शेतात आपोआप चौथा हिस्सा झाडं बिगर-बीटी निघत होती, वेगळं पाकीट नाही, वेगळी ओळ नाही. तिथे सुरुवातीला वाढू लागलेली प्रतिकारशक्ती परत खाली आली. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्या हंगामात आमच्याकडे बोंडं सडत होती त्याच वर्षी. पाकिस्तानात बीटी कापूस अधिकृत व्हायच्या आधी काही वर्षं चोरून पसरला होता, मान्यता २०१० मध्ये आली आणि पुढे तिथेही गुलाबी बोंडअळीने दाणादाण उडवली. एकाच अळीने तीन देशांत तीन वेगळ्या गोष्टी केल्या. शास्त्रज्ञाला याहून मोठी प्रयोगशाळा कुठे मिळते? पण या तीन देशांचे कापूस-कीटकशास्त्रज्ञ दरवर्षी एका टेबलाला बसून एका पद्धतीने मोजलेले आकडे समोरासमोर ठेवतात, असं काही आपल्याकडे नाही.

पद्धतीबद्दल दोन ओळी, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. अळी सरावली की नाही हे बघायला शेतातून अळ्या गोळा करतात, कृत्रिम खाद्यात मोजून प्रथिन मिसळून त्यांना देतात, आणि किती मात्रेला निम्म्या मरतात ते पाहतात. दरवर्षी तीच मात्रा वर सरकत गेली तर धोक्याची घंटा. पण गाझीपूरचं खाद्य वेगळं, नागपूरचं वेगळं, प्रथिनाचा स्रोत वेगळा, अळीचं वय वेगळं, असं असलं तर दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. दोन्ही देशांनी एक खाद्य, एक मात्रा, एक वय ठरवायला मंत्र्यांची शिखर बैठक लागत नाही. दोन प्रयोगशाळांमधली चार पत्रं लागतात.

हे होऊ शकतं याचा पुरावा गव्हात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर करपा आला, ओंब्या पांढऱ्या पडल्या, सुमारे १५ हजार हेक्टरवरचं पीक सापडलं. हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये. आशियात तो नवा होता. बांगलादेशातले प्राध्यापक तोफज्जल इस्लाम आणि इंग्लंडमधल्या नॉर्विचचे सोफियन कामून यांनी आजारी ओंब्यांमधल्या बुरशीची जनुकीय माहिती शोधनिबंधाची वाट न बघता जगापुढे उघडी टाकली. काही आठवड्यांत वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी ती तपासली आणि बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या कुळातली असल्याचं निघालं. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत गव्हाला सक्तीची सुट्टी द्यावी लागली. पण त्याचबरोबर भारतीय गव्हाचे वाण बांगलादेशात जेसोरला आणि तिकडे बोलिव्हियात करप्यासमोर उभे करून तपासले गेले. कारण देशात रोग आणून तपासणं म्हणजे आगीशी खेळ. आपले वाण, त्यांची जमीन, दोघांचा फायदा. गव्हाला जमलं ते वांग्याला का जमू नये? गव्हात कंपन्यांचे आणि न्यायालयांचे गुंते कमी होते, हे खरं. पण अळीला ते गुंते कळत नाहीत.

माहिती द्या म्हणणं सोपं आहे, देणाऱ्याची भीतीही समजून घ्यायला हवी. २००७ साली इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचं थांबवलं होतं. आमच्या रुग्णांचे विषाणू घेऊन श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस करणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. त्या भांडणातून २०११ मध्ये नमुने आणि लाभ दोन्ही वाटून घेण्याची एक चौकट तयार झाली. वांग्यातही असा काटा आहेच. त्याच वर्षी, २०११ मध्ये, बीटी वांग्यासाठी कर्नाटकातले स्थानिक वाण परवानगीशिवाय वापरल्याबद्दल राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने कारवाईचा निर्णय घेतला होता. ज्या बाईने ते वाण पिढ्यान्‌पिढ्या राखले तिला काय मिळालं, हा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंना विचारला जाणार. म्हणून मी म्हणतो, बियाणं आणि जनुकं यांच्या देवाणघेवाणीच्या आधी अळीची माहिती उघडी करा. अळीवर कोणाचं पेटंट नाही.

आता घाई का, ते सांगतो. भारत आणि बांगलादेश यांच्यात जैवसुरक्षेबद्दल जो काही संवाद होता तो दक्षिण आशिया जैवसुरक्षा कार्यक्रमासारख्या उपक्रमांतून, आणि त्यामागे पैसा यूएसएडचा. बांगलादेशातल्या वांग्याच्या प्रकल्पामागेही तोच. जुलै २०२५ मध्ये ती संस्थाच बंद झाली. म्हणजे दोन शेजारी इतकी वर्षं एकमेकांशी बोलत होते ते तिसऱ्याच्या खर्चाने, आणि त्याने फोनचं बिल भरायचं थांबवल्यावर लाइन तुटली. अळीची नोंद मधली दोन-तीन वर्षं तुटली तर पुढची मालिका वाचता येत नाही, हे आपल्या समितीतल्या कीटकशास्त्रज्ञांना मी सांगायला नको. ऑगस्ट २०२४ नंतर दिल्ली आणि ढाका यांच्यातलं वातावरण बिघडलं, हेही मी जाणतो. सार्कच्या नेत्यांची शेवटची शिखर बैठक २०१४ ला काठमांडूत झाली, तिच्याकडून फार आशा नको. पण सार्कचं कृषी केंद्र ढाक्यात आहे, बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या बिमस्टेक या गटाचं सचिवालयही ढाक्यातच. आपल्या फरिदाबादला युनेस्कोच्या सहकार्याने उभं राहिलेलं प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्र आहे. त्याच आवारात नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय जैविक माहिती केंद्र चालू आहे. जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राची, म्हणजे आयसीजीईबीची, एक शाखा दिल्लीत आहे आणि बांगलादेश त्या संस्थेचा सदस्य आहे. इमारती आहेत, सर्व्हर आहेत, माणसं आहेत. जैवसुरक्षेबद्दलच्या कार्टाजेना या आंतरराष्ट्रीय कराराखाली देशांनी घेतलेले निर्णय आणि जोखीम-मूल्यमापनाचे सारांश एका जागी ठेवायची सोय २००३ पासून आहे. तिथे सरकारं आपले निर्णय टाकतात. रंगपूरच्या शेतात या वर्षी किती अळ्या जगल्या, हे त्या सारांशांत येत नाही.

तेव्हा आपल्या समितीने जैवतंत्रज्ञान विभागाला लेखी शिफारस करावी की वांग्याच्या अळीच्या संवेदनशीलतेची नोंद भारत आणि बांगलादेश यांनी एकाच पद्धतीने, दरवर्षी, पश्चिम बंगालमधल्या सीमेलगतच्या जिल्ह्यांसह करावी आणि ती फरिदाबादच्या केंद्रात सर्वांना उघडी ठेवावी. पैसा भारताने द्यावा. आपण मोठे आहोत, आणि गरज आपलीही आहे. बारीकडे २०१४ पासूनच्या हंगामवार नोंदी आहेत, त्या मागाव्यात, आणि त्या वाचायला पाठवायच्या गटात बीटीचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही घ्यावं. बांगलादेशातले जे शेतकरी एकदा बीटी वांगं लावून परत साध्याकडे वळले त्यांची बाजू स्वतंत्रपणे ऐकावी. यशाचे आकडे सगळे छापतात. सोडून का दिलं, हे कोणी विचारत नाही. बदल्यात कापूस संशोधन संस्थेने २००२ पासूनची गुलाबी बोंडअळीची नोंद, पाकीट बांधावर फेकण्याच्या सगळ्या कारणांसह, बारीला द्यावी. एकाच जनुकावर उभ्या असलेल्या त्यांच्या वांग्याला ती आपल्या दहा शिष्टमंडळांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. त्यांनीही शेतकऱ्यांना कडेने साधी वांगी लावायला सांगितलं आहे. लावतात का, आणि न लावल्यास का नाही, हे आपण त्यांना आपल्या अनुभवावरून आधीच विचारू शकतो.

एक भाबडी वाटणारी गोष्टही लिहितो. हा सगळा मजकूर मराठीत, बांगलात, तमिळमध्ये, कन्नडमध्ये यावा. आपल्या बैठकांची इतिवृत्तं इंग्रजीत आणि तीही अशा भाषेत असतात की कृषी पदवी असून मला दोनदा वाचावी लागतात. २००८ मध्ये या वांग्याच्या जैवसुरक्षा चाचण्यांची कागदपत्रं लोकांना मिळाली ती माहिती अधिकार आणि न्यायालय यांच्या दाराशी खेटे घातल्यावर. तो लढा ज्यांनी लढला त्यांच्याशी माझं अनेक बाबतींत पटत नाही, पण त्या एका गोष्टीबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं परवानगीवर एकमत झालं नाही. पण केंद्राने सगळ्यांशी सल्लामसलत करून जनुकीय पिकांचं राष्ट्रीय धोरण आखावं यावर दोघांचं एकमत झालं. त्या धोरणात शेजारी देशांबरोबरच्या माहितीसाठी एक प्रकरण असावं, आणि वांग्यापासून त्याची सुरुवात करावी.

आपल्या पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेतला की नाही, हे इतिवृत्तात पाहीन. घेतला नसेल तर कारण काय, ते कृपया एका ओळीत कळवावं. उत्तर मराठीत आलं तर गावात मोठ्याने वाचून दाखवता येईल.

आपला नम्र,
जालना जिल्ह्यातला एक वांगी-उत्पादक